गुलाबी रायफलींची खंडेनवमी

ससोबाला स्टेजवर चढवायला चार माणसं लागली. दोघं वरून ओढत होते, दोघं खालून ढकलत होते. ढकलताना त्याची गोंडेदार शेपटी एकाच्या हातात निघून आली, तशी मांडवातली पोरं हसून हसून लोळायला लागली. ससोबा म्हणजे माणसाच्या उंचीचा पांढरा ससा. त्याच्या पोटात कोल्हापूरहून आणलेला कुणी घामाघूम इसम होता. छातीवर आडवा प्लास्टिकच्या काडतुसांचा पट्टा, आणि डोक्यावर शूरवीराचा फेटा, तोही एका कानावरून घसरलेला.

“सशाच्या अंगावर काडतुसं?” आमचे हेडमास्तर इंगवलेसर माझ्या कानाशी कुजबुजले. “मग शिकाऱ्यानं काय करायचं हो, बाई?”

“पळायचं,” मी म्हटलं.

सर हसले नाहीत. पंधरा दिवस झाले, ते हसायचेच बंद झाले होते.

मी तेव्हा निंगुडवाडीच्या शाळेत खेळाची शिक्षिका होते. लेझीम, खो-खो, पंधरा ऑगस्टची कवायत हे सगळं माझ्याकडे. शिवाय कुणी सांगितलेलं नसताना मी एक उद्योग अंगावर घेतला होता. शाळेच्या मागचं धान्याचं गोदाम झाडून, दहा मीटर मोजून, तिथं मुलींना एअर रायफल शिकवत होते. रायफली जुन्या, मुलींपेक्षा वयानं मोठ्या. त्यातली जी सर्वांत बरी, तिची स्प्रिंग इतकी ढिली होती, की छर्रा कागदापर्यंत पोचला तरी आम्हाला कौतुक वाटायचं.

अशा रायफलीवर सहावीतली दुर्वा पोवार जिल्ह्यात पहिली आली. बाप दुधाचा टेम्पो चालवायचा, आई शालन अंगणवाडीत. पोर बोलायची कमी. पण रायफल हातात घेतली की तिचा श्वाससुद्धा विचारून आत-बाहेर जायचा. पुढच्या महिन्यात पुण्याला राज्याची स्पर्धा होती. तिथं ही ढिली स्प्रिंग चालणार नव्हती. चांगली रायफल घ्यायची ऐपत शाळेची नव्हती, पोवारांची नव्हती आणि माझीही नव्हती.

नेमके तेव्हाच गुप्तेसाहेब उगवले. ‘शूरबाळ स्पोर्ट्स’ नावाच्या कंपनीचे मार्केटिंगवाले, पुण्याचे. आधी ते बिस्किटं विकायचे. त्यांनी आणलेल्या रायफलीचं नाव होतं ‘चिमणी’. आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी, वजनाला हलकी, गुलाबी आणि पोपटी अशा दोन रंगांत. दस्त्यावर फुलपाखरू, जाहिरातीला ससोबा. आणि घोषवाक्य काय, तर ‘हट्ट धरा, नेम धरा!’

“म्हणजे काय?” इंगवलेसरांनी विचारलं होतं. “आम्ही शाळेत पोरांना हट्ट सोडा म्हणून सांगतो.”

“सर, विकत आई-बाप घेतात, पण घ्यायला मूल लावतं,” गुप्ते म्हणाले. “बिस्किटाचं तसंच असतं. आधी मुलाला आवडलं पाहिजे.”

“बिस्किटानं डोळा फुटत नाही.”

“सर, पेन्सिलनंही फुटतो. म्हणून काय पेन्सिल बंद करणार?”

त्या दोघांचं हे असं तासभर चाललं. मी मध्ये पडून सरांनाच समजावत होते, की या खेळानं पोरं शांत होतात, एकाग्र होतात. आमच्या गोदामात आजवर कुणाला ओरखडासुद्धा आलेला नाही. सगळं खरंच होतं ते. पण गुप्त्यांनी जाताना टेबलावर एक काळी पेटी उघडून ठेवली होती, हेही तितकंच खरं. आत स्पर्धेची अस्सल रायफल. चिमणी नव्हे, खरीखुरी. दुर्वाचा फोटो जाहिरातीला द्यायचा, चिमणीचा शुभारंभ आमच्या शाळेत करायचा, की ही रायफल दुर्वाची. मला ती हवी होती. दुर्वानं तर पेटीच्या मखमलीवर बोट फिरवलं आणि ते बोट दिवसभर कशालाच लावलं नाही.

शुभारंभाची तारीख गुप्त्यांनीच ठरवली. खंडेनवमी.

“शस्त्रपूजनाचा दिवस, मॅडम! परंपरा! याहून भारी मुहूर्त कुठला? महिला मंडळाच्या हस्ते रायफलींची पूजा, आणि लगेच मुलांचा नेमबाजीचा कार्यक्रम. पहिली गोळी दुर्वा मारणार, फुगा फुटणार, फोटो!”

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आता खंडेनवमीला आमच्याकडं काय करतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. नांगर, कोयता, विळा, शिलाईचं यंत्र, ट्रॅक्टर, ज्याचं पोट ज्याच्यावर चालतं ते धुऊन-पुसून पुजायचं. आणि एकदा पुजलं, की दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. त्या दिवशी अवजारालाही सुट्टी. ही गोष्ट इतकी उघड होती, की कुणाला गुप्त्यांना सांगावीशीच वाटली नाही. पूजेच्या रायफली वेगळ्या असतील आणि उडवायच्या वेगळ्या, असं आम्ही धरून चाललो. आणि गुप्ते धरून चालले, की पूजा म्हणजे फीत कापण्यासारखंच काहीतरी असतं.

तर त्या दिवशी मांडवात सगळा गाव लोटला होता. फाटकाशी दुर्वाचा, माणसाहून हातभर उंच कटआउट उभा होता. दोन वेण्या, लाल रिबिनी, हातात चिमणी आणि तोंडभर हसू. ती तशी कधी हसत नाही. फोटोवाल्यानं ससोबाला समोर नाचवून ते हसू काढलं होतं. खाली ‘हट्ट धरा, नेम धरा!’ बाया लेकरांना उचलून कटआउट दाखवत होत्या आणि लेकरं आत्तापासूनच हट्ट धरत होती.

मी मुलींना गणवेश घालून आणेपर्यंत स्टेजवर पूजा उरकलीही होती. लांबच लांब पाटावर गुलाबी-पोपटी चिमण्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीला हळदकुंकू, झेंडूचं फूल. शेवटी काळी पेटी, उघडी. महिला मंडळाच्या अध्यक्षा गोदाक्का नारळ फोडून पदराला हात पुसत होत्या. गोदाक्का म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्ती म्हणते. गावात त्यांना कुणी उलटून बोललेलं माझ्या ऐकिवात नाही, आणि माझ्या नवऱ्याच्या तर स्वप्नातही नाही.

“रिकाम्या आहेत ना सगळ्या?” मी गुप्त्यांना विचारलं.

“मॅडम, तुम्ही अगदी काळजीच करू नका,” ते म्हणाले, आणि माईककडं धावले. “तर बालमित्रांनो! आता ज्या क्षणाची आपण वाट पाहत होतो… या, ओळीनं या, आपापली चिमणी उचला!”

पोरांची लाट उठली. ती स्टेजच्या पायरीला लागते न लागते, तोच आत्ती पाटासमोर आडव्या उभ्या राहिल्या.

“खबरदार! हात लावशिला तर. पुजलेलं हाय ते.”

“हो, आजी, पूजा झाली ना,” गुप्ते हसून म्हणाले. “छान झाली. आता मुलांना—”

“झाली म्हणूनच म्हणतोय. आज हलवायचं न्हाई. उद्या उत्तरपूजा झाली, की न्या कुठं न्यायचं तिकडं.”

गुप्त्यांचं हसू तसंच राहिलं, पण आतून कुणीतरी दिवा काढून घेतल्यासारखं दिसायला लागलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. आत्तींचं बरोबर होतं, त्यात माझ्या मताला जागाच नव्हती.

“आजी, अहो, हे काही शस्त्र नाही,” गुप्ते आवाज खाली आणत म्हणाले, पण माईक चालू होता. “हे खेळणं आहे. लहान मुलांचं खेळणं.”

कर्ण्यातून ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

“खेळणं?” आत्ती म्हणाल्या. “मग माझ्याकडनं पूजा कशाची करून घेतलीस? सकाळधरनं उपाशी हाय मी. खंडेनवमीला खेळण्याची पूजा करतात व्हय? उद्या खुळखुळा आणून ठेवशील.”

“तसं नाही. शस्त्रच आहे, पण—”

“शस्त्र हाय? मग पोरांच्या हातात कशाला देतोस?”

“म्हणजे… शस्त्र नाही. खेळाचं साहित्य!” गुप्त्यांना एकदम वाट सापडली. “स्पोर्ट्स इक्विपमेंट! मॅडमच्या लेझीमसारखं!”

“लेझीम पुजून कपाटात ठेवलीत,” इंगवलेसर पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. “उद्यापर्यंत कपाट उघडणार नाही.”

झालं. आता मांडवातल्या प्रत्येकाला कंठ फुटला. ट्रॅक्टरवाला सातप्पा उठून म्हणाला, की ट्रॅक्टर दारात पुजून ठेवलाय म्हणून तो मळ्यातनं चालत आलाय. शिंपी म्हणाला, गणवेशाची दोन बटणं लावायची राहिलीत, पण मशीनला हात लावलेला नाही. कुणीतरी सांगितलं, की आमच्या डॉक्टरनं छातीला लावायची नळी पुजलीय आणि सकाळपासून तो कुणाचा खोकलाच ऐकत नाही. डॉक्टर पुढच्याच रांगेत बसले होते; त्यांनी मान डोलावली.

“सगळ्यांची अवजारं गप बसल्यात आणि तुझी चिमणी तेवढी उडणार?” आत्तींनी विचारलं. “एक काय ते ठरीव बाबा. खेळणं असंल तर पाटावरनं उचल, मी दुसऱ्या देवाला जातो. शस्त्र असंल तर ऱ्हाऊ दे जाग्यावर, आणि ही पोरं घराकडं जाऊ देत.”

खरं तर प्रश्न साधा होता. पण मी पाहत होते, गुप्त्यांना दोन्ही उत्तरं हवी होती. शस्त्र म्हणावं तर आया बिचकणार, खेळणं म्हणावं तर शौर्याची सगळी मिरवणूक बसणार. त्यांनी घाम पुसला आणि ससोबाकडं बघून हात गरगर फिरवला. म्हणजे, नाच काहीतरी, वेळ मारून ने.

ससोबा बिचारा डोक्याच्या आत बहिरा आणि जवळजवळ आंधळा. त्याला वाटलं, कार्यक्रम सुरू झाला. त्यानं एक उडी मारली, पाटावरची कडेची चिमणी केसाळ पंज्यात उचलली, बाया ओरडेपर्यंत ती डोक्यावर गोल फिरवली आणि शूरवीरासारखी पुढं रोखली.

टप्.

एवढाच आवाज. गोदामात तो आवाज मी दिवसातून शंभरदा ऐकायचे. पण मांडवात तो ऐकला आणि मी दुर्वाला जवळ ओढलं. लहान मुलांना रायफलीची नळी खाली वाकवून छर्रा भरायला जोर पुरणार नाही, म्हणून कंपनीच्या पोरांनी सकाळीच सगळ्या चिमण्यांत छर्रे भरून, स्प्रिंगा ताणून ठेवल्या होत्या. आमच्या बायांनी तासभर त्यांच्या नळ्यांना कुंकू लावलं होतं.

लोक आपापली लेकरं चाचपायला लागले. कुणाला काही झालं नव्हतं. छर्रा सगळ्यांच्या डोक्यावरून गेला होता. मग फाटकाकडून एक पोरगं ओरडलं, “दुर्वीला लागलं!”

शालन, म्हणजे दुर्वाची आई, बायकांच्या घोळक्यातून किंचाळत उठली. पण दुर्वा तर माझा हात धरून उभी होती. तिनं हात सोडवून घेतला, गर्दीतून वाट काढत फाटकापाशी गेली, एक प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि वर चढून स्वतःच्या कटआउटचं कपाळ पाहू लागली. नेम मारून झाला, की कागद पाहायचा, ही तिची सवय. तिनं भोकात करंगळीचं टोक घालून पाहिलं.

“बाई,” ती तिथून ओरडली, “थोडा डावीकडं गेलाय. न्हाईतर मधोमध व्हता!”

सगळा मांडव हसला. सुटका झाली म्हणून लोक हसतात तसं, पोट धरून, डोळे पुसत हसला. बँडवाल्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी वाजवायलाच सुरुवात केली. डोकं गदागदा हलवत ससोबा हात जोडत होता. आणि गुप्ते! त्यांचा चेहरा एकदम उजळला. 

“बघा!” ते माईकवर म्हणाले. “म्हणूनच म्हणतो, खेळ आहे, नुसता खेळ! ससोबाचा नेम चुकला, पण आपल्या दुर्वाचा चुकणार नाही!” आणि पेटीतली ती काळी रायफल त्यांनी स्वतः उचलून हातात धरली. “ये बाळ, ये. तुझी रायफल घे. मॅडम, तुम्ही फक्त दोन शब्द बोला. लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे.”

माईक माझ्या हातात आला. दुर्वा खुर्चीवरून उतरून धावतच आली आणि स्टेजखाली दोन्ही हात पसरून उभी राहिली.

मी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा मला शालन दिसली. ती त्याच खुर्चीवर चढली होती. तिनं आपल्या कपाळावरची टिकली काढली आणि कटआउटच्या कपाळावर, भोकावर लावली. बोटानं दाबली. पुन्हा दाबली. मग पदर तोंडात धरून ती तिथंच रडायला लागली.

हसणं रांगेरांगेनं विझत गेलं. बँड सर्वांत शेवटी थांबला. नवमीच्या दिवशी, सवाष्ण बाई, भर मांडवात कोऱ्या कपाळानं. आत्ती पूजेचं ताट तसंच उचलून स्टेजवरून उतरल्या, गर्दी आपोआप दुभंगली. त्यांनी शालनला हाताला धरून खाली घेतलं आणि रायफलींना लावलेल्यातलंच उरलेलं कुंकू तिच्या कपाळावर टेकवलं.

मला त्या क्षणी दुर्वाचे पसरलेले हात दिसत होते, आणि ती रायफल, आणि पुणे. मी दुर्वाकडं न बघता बोलले.

“शस्त्र आहे,” मी माईकवर म्हटलं. “आज कुणी उचलायचं नाही. उद्या ज्यांचं आहे त्यांनी घेऊन जायचं.”

“मग माझी?” दुर्वानं खालून विचारलं.

“तुझी गोदामात आहे.”

“ती ढिली हाय, बाई!”

“हो,” मी म्हटलं. “ढिली आहे.”

गुप्ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “तुम्ही स्वतःच्या हातानं पोरीचं नुकसान केलंत, मॅडम.” ते काही फार खोटं बोलत नव्हते. मी पाटाकडं वळले. एकेक चिमणी मांडवाबाहेर नेऊन मऊ मातीत मोकळी करून घेतली आणि परत पाटावर ठेवली; एवढ्यापुरती आत्तींनी परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली. महिला मंडळानं सगळ्या रायफली स्वतः टेम्पोत भरल्या, गुप्त्यांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणून त्यांना वाटेला लावलं. काळी पेटी शेवटी चढली. टेम्पो वळणाआड जाईपर्यंत दुर्वा फाटकात उभी होती. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेनाशी झाली. सरावाला यायची, छर्रे मारायची, कागद घेऊन जायची. मलाही रात्रंदिवस वाटायचं, की एवढ्या लोकांपुढं शहाणपण करायची काय गरज होती? माझं शहाणपण, आणि त्याची किंमत मात्र त्या एवढ्याशा पोरीनं भरायची.

पुण्याला जाताना एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. 

स्पर्धेची रेंज मोठी, लखलखीत. बाकीच्या मुलींच्या रायफली बघून माझं मलाच कसंतरी झालं. शिट्टी झाली, घड्याळ सुरू झालं, सगळीकडून टप् टप् आवाज येऊ लागले. दुर्वानं आमची ढिली रायफल उचलली, गाल टेकवला, आणि परत उचलला. मग तिनं हात वर केला.

तिथला अधिकारी फौजेतून निवृत्त झालेला, मिशाळ माणूस होता. तो वाकला. “काय झालं? रायफल बिघडली?”

“न्हाई. कागदाच्या मागं काय हाय?”

“मागे? भिंत आहे.”

“आणि भिंतीच्या मागं?”

तो माणूस गोंधळला. “काही नाही, बाळ. मार तू. वेळ चाललाय.”

“तुम्ही बघितलंय?”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. शिकवणाऱ्यांनी उभं राहायच्या रेषेमागून बोलायची मला परवानगी नव्हती. मी नुसते हात जोडले. आयुष्यभर त्यानं पोरांना गोळ्या मारायला लावल्या असतील, पण असा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. तो बाजूच्या दारानं बाहेर गेला. घड्याळ पळत होतं. शेजारच्या मुलीचा अर्धा डाव उरकला होता. मेडल गेलं, हे मला दिसत होतं आणि रडू आवरत नव्हतं. पण त्या वेळी जगातली कुठलीही रायफल कुणी मला देऊ केली असती, तरी मी ‘मार’ असं तिला म्हणाले नसते.

तो परत आला. “नाला आहे. पलीकडे कुंपण. माणूस कुणी नाही.”

“आणि कुत्रं?” दुर्वानं विचारलं.

त्यानं घड्याळाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. आणि एवढा थोरला, मिशाळ माणूस पुन्हा त्या दारानं, या खेपेला पळत, बाहेर गेला.

बऱ्याच वेळानं आला, तेव्हा त्याच्या बुटांना चिखल लागला होता.

“होतं एक,” तो धापा टाकत म्हणाला. “हाकललं.”

तेव्हा कुठं दुर्वानं गाल रायफलीला लावला.